कावळा बसला आणि ताप उतरला

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्याचा गोषवारा असा. घरात त्या, त्यांचे मिस्टर, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. हिशेबाला चोख, नातवावर जीव. २०२० च्या सप्टेंबरात घरातल्या चारही मोठ्या माणसांना कोरोना झाला. ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा गोळ्या तेव्हा डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या. सगळे बरे झाले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये सासऱ्यांचा धाकटा भाऊ बेड मिळेपर्यंत गेला. तेव्हापासून श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात या गोळ्यांचा साठा असतो. संपत आला की सासरे मेडिकलमधून भरून आणतात आणि घरात कोणालाही ताप आला की वाटतात.

गेल्या महिन्यात मुलगा तापला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘व्हायरल आहे, पॅरासिटामॉलचं औषध द्या, पाणी पाजा, तीन दिवसांनी दाखवा.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री आजोबांनी नातवाला डब्यातल्या ॲझिथ्रोची अर्धी-अर्धी गोळी दिली. चौथ्या दिवशी ताप गेला. ‘डॉक्टरच्या भरवशावर राहिलो असतो तर?’ असं आता घरात दिवसातून दोनदा ऐकू येतं आणि मिस्टरही मान डोलावतात. त्यानंतर सासऱ्यांना खोकला झाला, त्यांनीही तोच पाच दिवसांचा कोर्स केला. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, साखरही आहे. ताई विचारतात : सासरे चुकले म्हणावं तर मुलगा बरा झालाय. मग चुकले मीच का? मुलाचा कोर्स अर्धवट राहिला, त्याचं काय? आणि तो डबा एक दिवस गुपचूप फेकून दिला तर?

ताई,

डब्याबद्दल आधी सांगतो, कारण तेवढी एकच गोष्ट तुम्ही माझं उत्तर येण्याआधी करून बसाल अशी भीती आहे. गुपचूप फेकू नका. आठ दिवसांत नवीन डबा तयार होईल, तो कपाटात कुलपाआड जाईल आणि मग मुलाला काय दिलं हे तुम्हाला कळणारही नाही. आज निदान तुम्ही मोजू तरी शकता.

आता मुलाचं. अर्धवट कोर्सच्या काळजीने तुम्ही उरलेल्या गोळ्या देत असाल तर आजच थांबवा. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी इतकी वर्षं घोकून घेतलंय की ते आता आमच्यावरच उलटतं. डॉक्टरांनी तपासून, जिवाणूंचा आजार आहे म्हणून औषध लिहून दिलं असेल, तर ते सांगितलंय तितके दिवस घ्यायचं आणि मधेच आपल्या मनाने सोडायचं नाही. ज्याला कोर्स लिहिलेलाच नाही, त्याचा कोर्स अर्धवट कसा राहील? तुमच्या मुलाच्या पोटात एक अनावश्यक गोळी गेली, एवढंच. जुलाब, पोटदुखी, पुरळ असं काही झालं नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण बालरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा. लपवू नका. ताप परत आला आणि टायफॉइडसाठी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायची वेळ आली, तर आधी पोटात गेलेल्या अँटिबायोटिकमुळे त्यात जंतू उगवत नाहीत आणि रिपोर्ट फसवा येतो. घरातल्या भांडणाची लाज वाटून आया हे सांगत नाहीत. आम्ही मग अंधारात चाचपडत बसतो.

आता मूळ प्रश्न, मुलगा बरा कशाने झाला?

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. तुमच्या पत्रातला दिवसांचा हिशेब मी पुन्हा वाचला. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री अर्धी गोळी, चौथ्या दिवशी ताप नाही. मुलांचा साधा विषाणूचा ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवसांतच उतरतो. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांसाठी एक पत्रक काढलं होतं. ताप तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवडे रेंगाळू शकतो, लक्षणांपुरतं औषध द्या, अँटिबायोटिक देऊ नका, असं त्यात होतं. लोक ॲझिथ्रोमायसिन आणि ॲमॉक्सिक्लॅव मनाने घेतात आणि बरं वाटलं की सोडतात, असं नावानिशी लिहिलं होतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा डबा दिल्लीपर्यंत ठाऊक आहे.

गोळी आपण कधी घेतो ते पाहा. पहिल्या दिवशी कोणी घेत नाही, ‘बघू’ म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंग सगळ्यात जास्त मोडून आलेलं असताना, धीर सुटल्यावर घेतो. तिथून पुढे आजार उतरणीलाच लागणार असतो. त्या वळणावर ॲझिथ्रो घेतली तर ॲझिथ्रोला गुण, काढा प्यायला तर काढ्याला गुण, मीठ-मिरची ओवाळून टाकली तर दृष्ट उतरली. आपल्या भाषेत ‘औषधावाचून खोकला गेला’ असं म्हणतात ते उगीच नाही. आपल्या आज्यांनी तो तसा जाताना पाहिलेला होता.

सासरे म्हणतील, ‘असं कसं? मी पाच वर्षं बघतोय, दरवेळी गुण येतो.’ खरंच येत असणार. पण कावळा न बसलेल्या फांद्या त्यांनी कधी मोजल्या आहेत का? डबा नसलेल्या शेजारच्या घरातला ताप कितव्या दिवशी गेला? हे कोणीच पाहत नाही, मीही पाहत नव्हतो. पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला सगळ्यात जास्त फसवलं असेल तर ते माझ्या औषधाने बरं वाटलं म्हणून पेढे घेऊन आलेल्या माणसांनी. ज्यांना बरं वाटलं नाही, ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. माझ्या हिशेबात ते आलेच नाहीत.

हिशेबावरून आठवलं. सासरे कंडक्टर होते म्हणून ही गोष्ट त्यांना अवश्य सांगा, त्यांच्या लगेच लक्षात येईल. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या एका संस्थेचा अभ्यास जगभर गाजला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाने कोरोनाचा विषाणू झपाट्याने नाहीसा होतो, जोडीला ॲझिथ्रो दिली तर आणखीच लवकर, असा त्याचा निष्कर्ष. त्यात गोळी घेणारे सुरुवातीला २६ जण होते. निकाल लावताना २० धरले. सहा गेले कुठे? तिघे आयसीयूत गेले, एक दगावला, एक दवाखाना सोडून गेला आणि एकाने मळमळतंय म्हणून गोळी बंद केली. म्हणजे जे सहा प्रवासी मधल्या स्टॉपवर उतरले, ते वे-बिलातूनच, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदातूनच, खोडले आणि गाडी वेळेवर, सगळे प्रवासी खुशाल, असं लिहून दिलं! असं वे-बिल डेपोत घेऊन गेले असते तर सासऱ्यांचं काय झालं असतं ते त्यांनाच विचारा. तो लेख डिसेंबर २०२४ मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. पण तोवर जगातल्या किती घरांत डबे भरले गेले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तुमच्या घरातल्या त्या चार गोळ्या २०२० मध्ये मीही लिहून देत होतो. हाताशी काहीच नव्हतं. फोन रात्री अकराला वाजायचा, पलीकडे कोणीतरी रडत असायचं आणि ‘घरी थांबा, वाट बघा’ म्हणायला जीभ रेटायची नाही. २०२० च्या मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कृतिदलानेच आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरातल्यांना बचाव म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं होतं. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना, कोरोना असो-नसो, पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे सासरे कुठल्या फॉरवर्डच्या नादी लागून बिघडले असं समजू नका. त्यांनी डॉक्टरांचं आणि सरकारचं ऐकलं. फरक एवढाच की डॉक्टर आणि सरकार पुढे सरकले (सप्टेंबर २०२१ मध्ये ही दोन्ही औषधं केंद्राच्या कोरोना उपचारांच्या यादीतून वगळली) आणि हे त्यांना सांगायला कोणी त्यांच्या ओट्यावर आलं नाही. औषध सुरू झाल्याची बातमी होते, बंद झाल्याची होत नाही.

आता तुमच्याही एका समजुतीला जरा हात लावतो, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय, ‘एका आजाराचं औषध दुसऱ्याला वापरणं म्हणजे अंधश्रद्धाच ना?’ नाही. तसं म्हणालात तर सासऱ्यांपुढे हराल आणि ते बरोबर असतील.

एड्सवरचं पहिलं मान्यता मिळालेलं औषध, झिडोव्हुडिन, १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलेलं होतं. कॅन्सरवर ते निकामी ठरलं, बाजूला पडलं आणि १९८७ मध्ये एचआयव्हीसाठी बाजारात आलं. कोरोनातसुद्धा ज्या औषधाने पहिल्यांदा खात्रीने जीव वाचवले, ते डेक्सामेथासोन. जुनंपुराणं, स्वस्तातलं स्टेरॉइड. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली. दवाखान्यात दाखल रुग्णांपैकी कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. डॉक्टरची मर्जी नाही, वशिला नाही. फांदीवर कावळा बसवायचा की नाही हे चिठ्ठीने ठरवायचं आणि दोन्हीकडच्या फांद्या मोजायच्या. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर शंभरातले ४१ जण अठ्ठावीस दिवसांत दगावले, डेक्सामेथासोन दिलेल्यांत २९. शंभरामागे बारा माणसं वाचली, तीही चार आण्याच्या औषधाने.

त्याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही होतं. गोळी घेतलेल्या १,५६१ जणांत शंभरी २७ दगावले, न घेतलेल्या ३,१५५ जणांत शंभरी २५. फायदा काहीच नाही. ॲझिथ्रोही तिथेच तपासली गेली. घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना मृत्यू सारखेच. घरीच राहून बरे होणाऱ्यांतही ब्रिटनमध्ये ॲझिथ्रो आणि डॉक्सिसायक्लिन वेगवेगळी पारखली, आजाराचा एक दिवसही कमी झाल्याचं दिसलं नाही.

डेक्सामेथासोनची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना तेच औषध दिल्यावर शंभरी जवळपास १८ दगावले, न दिलेल्यांत १४. हा फरक योगायोगाचा असू शकेल, पण फायदा नव्हता हे पक्कं. औषध तेच, आजार तोच, फक्त दिवस चुकला आणि माणूस चुकला. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे पहिल्या तापापासून घरोघरी स्टेरॉइड सुरू झालं. साखर असलेल्यांची साखर भडकली. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वॉर्डात डोळा काढलेली, जबडा काढलेली माणसं तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. त्यांतल्या अनेकांच्या कागदांत मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडगोळी होती. म्हणून, ‘हे औषध चांगलं की वाईट’ हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. कोणाला, कधी, किती आणि कशासाठी, हे चार शब्द काढले की राहते ती नुसती गोळी.

आयव्हरमेक्टिनला लोक उगाच ‘जनावरांचं औषध’ म्हणून हिणवतात. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेलं हे औषध, त्याने आफ्रिकेतल्या लाखो लोकांची दृष्टी वाचवली आणि शोधणाऱ्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे खरजेला, जंतांना ते आजही वापरतात. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर त्याने कोरोनाचा विषाणू मारला, ही बातमीही खरी होती. पण भांड्यात ते जितकं दाट होतं, तितकं माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसाने पोहोचतच नाही, त्याच्या कितीतरी पट गोळ्या गिळाव्या लागतील. भांड्यात विषाणू डेटॉलनेही मरतो. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. दवाखान्यात जाण्याची वेळ काही टळली नाही.

ॲझिथ्रोचं काम मात्र सासऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. जिवाणू हा स्वतःची गाडी असलेला प्राणी. त्याच्या आत प्रथिनं बनवायचं स्वतःचं यंत्र असतं, त्यावर तो चालतो. ॲझिथ्रो आणि डॉक्सी या यंत्रात खीळ घालतात, ॲमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत फोडतं. विषाणूकडे गाडीच नसते. तो फुकट्या प्रवासी. आपल्या पेशीच्या गाडीत चढतो आणि तिच्याच इंजिनावर पोट भरतो. त्याचं पंक्चर करणार कशाचं? आपण मराठीत दोघांनाही ‘जंतू’ म्हणतो, आणि ‘इन्फेक्शन झालंय’ म्हटलं की फरक पुसूनच जातो. निम्मा घोळ त्या शब्दात आहे. उरलेला निम्मा कफाच्या रंगात. पिवळा-हिरवा कफ म्हणजे ‘आतून पिकलंय, आता अँटिबायोटिक हवं’ असं आपण मानतो. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्या विषाणूशी लढतानाही तोच रंग सोडतात.

गोळी लागू पडली नाही तर नाही, तोटा काय? हा सासऱ्यांचा शेवटचा मुद्दा असणार. तुमच्या घरापुरतं बोलायचं तर एक तोटा उघड आहे आणि तो नातवाचा नाही, आजोबांचा आहे. ॲझिथ्रोमुळे काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची विजेची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच तसा इशारा दिलाय, विशेषतः आधीच हृदयविकार असलेल्यांसाठी. डब्यातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही त्याच लयीला धक्का लावतं, शिवाय साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली आणू शकतं. दोन्ही एकत्र म्हणजे दुहेरी. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने हा डबा आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना न दाखवता वापरू नये. मला वाटतं, तुमची खरी किल्लीही इथेच आहे. सूनबाईंचं ऐकणार नाहीत, माझंही नाही, पण ज्या डॉक्टरांनी छातीतली नळी उघडली त्यांचं ऐकतील. पुढच्या तपासणीला जाताना डबा पिशवीत टाका. ‘बाबा, यातलं तुम्हाला काय चालतं ते एकदा विचारून घेऊ,’ एवढंच म्हणा.

दुसरा तोटा सगळ्यांचा आहे. विनाकारण घेतलेली प्रत्येक अँटिबायोटिक पोटातल्या जिवाणूंना तालीम देते. जे मरत नाहीत ते उरतात, वाढतात, घरातल्यांकडे जातात. २०१९ या एका वर्षात, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. आकडा मोठा आहे म्हणून तो दूरचा वाटतो. जवळचं सांगतो. टायफॉइडवर पूर्वी चालणाऱ्या कितीतरी गोळ्या आता चालत नाहीत, आणि तोंडाने घेता येतील अशा ज्या मोजक्या उरल्यात त्यांत एक ॲझिथ्रो आहे. सर्दीवर ती खर्च केली तर उद्या नातवाला खरोखर टायफॉइड झाल्यावर थेट सलाईनमधून इंजेक्शनंच.

एवढं सगळं सासऱ्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलून झाल्यावर तुम्हालाही एक धोक्याची सूचना. ‘व्हायरल आहे म्हणजे काही करायचं नाही’ हीसुद्धा एक गोळीच आहे, डोळे मिटून घ्यायची. पावसाळ्यात डबक्यातून चालत घरी आलेल्या माणसाचा ताप लेप्टोचा असू शकतो. तो जिवाणू आहे आणि तिथे डब्यातली तीच डॉक्सिसायक्लिन जीव वाचवते. मुंबईत पाणी तुंबलं की महापालिका डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यायला सांगते ती याचसाठी. विदर्भात स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूच्या तापाची) साथ आली तेव्हाही हीच गोळी कामाला आली. उलट फ्लू हा विषाणूचाच आजार, पण त्यावर ओसेल्टामिव्हिर हे खरंखुरं विषाणूवरचं औषध आहे, आणि ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तरच त्याचा चांगला उपयोग. पुण्यात २००९ च्या स्वाइन फ्लूत ‘टॅमिफ्लू’ हे नाव भाजीवाल्यापर्यंत पोचलं होतं. त्यामुळे ‘व्हायरल’ हा शब्द ऐकून उठू नका. डॉक्टरांना विचारा : कशावरून वाटतं? कितव्या दिवशी परत यायचं? काय दिसलं तर त्याआधी, रात्री-अपरात्री यायचं? आणि अँटिबायोटिक लिहिलीच, तर कुठल्या आजारासाठी, हेही. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना चिठ्ठीवर कारण लिहायचं आवाहन केलंय, तेव्हा विचारण्यात उद्धटपणा नाही. एखाद्या डॉक्टरला राग येईल. येऊ द्या. खरं सांगायचं तर आमच्यातले अनेकजण पेशंट नाराज होऊन शेजारच्या दवाखान्यात जाईल या भीतीनेच ती लिहितात. ‘नसेल लागत तर नका देऊ’ असं तुम्ही म्हणालात तर आम्हाला सुटल्यासारखंच होतं.

मुलाच्या बाबतीत वाट बघायची नाही अशा खुणा फ्रिजवर चिकटवून ठेवा. श्वास भरभर चालणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं. पाणी पोटात न ठरणं, सारख्या उलट्या. आठ तासांत लघवी नाही. मूल मलूल, हाक मारली तरी डोळे उघडायला नको म्हणणारं. झटका. अंगावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून-हिरड्यांतून रक्त, पोटात जोराची कळ. ताप चौथ्या दिवशीही तसाच. यात डेंग्यूची एक चाल लक्षात ठेवा. त्यात धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. ताप गेला पण मूल आणखीच गळून गेलं, तर ती खुशीची वेळ नव्हे, दवाखान्यात जायची आहे. आणि तोवर पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन नाही, ‘ताप लवकर उतरतो’ म्हणून ब्रूफेनसारखंही नाही. पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचा आकडा मात्र वाचा. एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांत औषध दुप्पट-निम्मं असू शकतं आणि चमचा तोच असतो. डोस वयावर नाही, वजनावर.

डब्याकडे परत येतो. तुम्ही लिहिलंय की स्ट्रिपा कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करून ठेवलेत, आणि अर्ध्या गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत आहेत, पुडीवर पेनने ‘ताप’ आणि ‘घसा’. स्ट्रिप कापली की गोळीचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदत दुसऱ्यावर. लाल उभी रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही ही खूण, तिसऱ्यावर. आता त्यातली ॲझिथ्रो कुठली आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कुठली हे सासऱ्यांना तरी नक्की सांगता येईल का? दोन्ही पांढऱ्या असू शकतात. नातवाला दिलेली ॲझिथ्रोच होती कशावरून? हा प्रश्न भांडणात फेकू नका. एखाद्या शांत दुपारी, चहा झाल्यावर, डबा त्यांच्यासमोर उघडा आणि दोघं मिळून लावायला बसा. ‘बाबा, ही कुठली?’ दोन-तीनदा विचारावं लागेल, बास. बेवारस तुकडे आणि मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढा. त्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. दवाखान्यात विचारा, त्यांच्या जैविक कचऱ्यात घेतील, किंवा घंटागाडीला घातक घरगुती कचऱ्याचा कप्पा असेल तर त्यात द्या. डबा फेकू नका. त्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, मुलाच्या वजनाची नोंद आणि बालरोगतज्ज्ञांचा नंबर ठेवा. डबा त्यांच्याच ताब्यात राहू द्या.

कारण तो डबा गोळ्यांचा नाही, ताई. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच थांबलो. बेड मिळेपर्यंत भाऊ गेला. त्या एप्रिलमध्ये लोकांनी रेमडेसिव्हिरसाठी रात्र-रात्र रांगा लावल्या, मिळेल त्या किमतीला घेतलं. भावाच्या वेळी आपल्या हातात द्यायला काही नव्हतं, ही गोष्ट सासऱ्यांच्या मनातून गेली असेल असं वाटत नाही. नातू तापला की ते पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभे राहत असणार. अशा माणसाला ‘काही देऊ नका, नुसतं बघा’ म्हणणं फार अवघड आहे. त्यांच्या हाताला काम द्या. आणि काम त्यांना येतंच की! वे-बिल. वहीला रकाने पाडून द्या : तारीख, वेळ, ताप किती, औषध काय-किती, पाणी किती, लघवी किती वाजता, जेवला का, खेळला का. दर चार तासांनी भरायचं. डॉक्टरकडे जाताना तीच वही न्यायची. तुम्हाला सांगतो, अशी वही हातात पडली की मला निम्मं निदान तिथेच होतं. पुढच्या दोन-चार तापांची वे-बिलं जमा झाली की कितव्या दिवशी कुठला ताप उतरला हे आजोबा स्वतःच वाचतील. ते तुम्ही सांगायची गरज उरणार नाही.

मिस्टरांशी मात्र वेगळं बोला, आणि मुलाच्या आजारपणात नव्हे. त्यांच्याशी गोळीवर वाद घालू नका. एवढंच ठरवा की मुलाला डॉक्टरांनी लिहिलेलं नसलेलं काही द्यायचं असेल तर आधी फोन करायचा, मग द्यायचं. फोन आजोबांनी केला तरी चालेल.

तुम्ही चुकलात का, असं विचारलंत. डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही केलंत, मुलाला पाणी पाजत रात्री बसलात. यात चूक काय शोधू? एक गोष्ट फक्त खटकली. चार पानी पत्रात ‘कपाळ चटका बसेल इतकं तापलं होतं’ असं तीनदा आलंय, आकडा कुठेच नाही. घरात थर्मामीटर दिसत नाही. तो आधी घ्या, कुठल्याही मेडिकलमध्ये दोन-तीनशेच्या आत मिळेल. त्याला चिठ्ठी लागत नाही. सासऱ्यांनाच आणायला पाठवा.

तुमचा,
सदरवाला डॉक्टर